शोभाहीन वृक्षाबाबत

मा. सेक्रेटरीसाहेब,



प्रथम आपलं जाहीर अभिनंदन. गेटाजवळचा करंज एकदाचा गेला. ‘प्रवेशद्वारालगतच्या शोभाहीन वृक्षाच्या जागी शोभिवंत फुलझाड लावण्याचे योजिले आहे, तरी सभासदांनी सहकार्य करावे’ अशी नोटीस आपण लिफ्टशेजारी लावली होती. सभासदांनी सहकार्य केलं, म्हणजे नोटीस कोणी वाचली नाही. पाणीकपातीच्या आणि कुत्र्यांच्या नोटिशीखाली ती अर्धी झाकली गेली होती, हा निव्वळ योगायोग. ‘शोभाहीन’ या शब्दासाठी मात्र आपल्याला दाद द्यायला हवी. झाडाला सरळ कुरूप म्हटलं असतं तर पहिल्या मजल्यावरच्या आजी काठी घेऊन खाली आल्या असत्या.

कमिटीच्या इतिवृत्तात झाड काढण्याची तीन कारणं आपल्या सुवाच्य अक्षरात नोंदलेली आहेत. एक, झाडाला फुलं येत नाहीत. दोन, पानांवर फोड येतात, सबब झाड रोगट आहे. तीन, एप्रिल-मेमध्ये झाडाचा बारीक कचरा गाड्यांवर पडतो आणि वायपरखाली अडकून बसतो.

साहेब, पहिलं आणि तिसरं कारण शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचा. घाई नाही, चष्मा लावून वाचा. एप्रिल-मेमध्ये पडणारा तो बारीक कचरा म्हणजे करंजाची फुलं.

एकेक फूल जेमतेम नखाएवढं. पांढुरकं, पण पाकळीवर जांभळट गुलाबी झाक. घडण थेट वाटाण्याच्या फुलाची, कारण करंज आणि वाटाणा एकाच कुळातले. पानांच्या आड घोस लटकतात, त्यामुळे लांबून झाड हिरवंच दिसतं. जवळ गेलं की कळतं. बहर भरात असला की झाडाखाली सडा पडायचा. सकाळी झाडूवाल्या मावशींनी गोळा करून नेला तरी दुपारी पुन्हा तेवढाच. वर मधमाश्यांची अशी काही लगबग असायची की दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत टीव्ही बंद केला की ती ऐकू येई. आपल्याला ती ऐकू आली नाही, हे समजण्यासारखं आहे. त्या वेळी आपण झाडाखाली वाकून बॉनेटवर फडकं मारत असायचात, आणि मारता मारता जे बोलायचात तेही आमच्या गॅलरीत ऐकू येई.

फोडांबद्दल थोडक्यात. डोळ्यांना न दिसणारे बारीक कोळी करंजाच्या पानांवर राहतात, त्यांच्यामुळे पानावर गाठी उठतात. पान ओबडधोबड दिसतं, झाडाचं फारसं काही बिघडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर करंज जुनी पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत अंगभर तकतकीत पोपटी पालवी घेऊन उभा राहतो. दहावीतल्या पोराच्या तोंडावर मुरमं आली म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही.

आता मुहूर्ताविषयी. झाड आपण एप्रिलअखेर पाडलंत, ऐन बहरात. पालिकेच्या उद्यान खात्याकडून आपण जी परवानगी आणली होती ती ‘धोकादायक फांद्यांच्या छाटणी’ची होती, कागद मी पाहिला आहे. कंत्राटदाराने जमिनीपासून दोन फुटांवरची फांदी छाटली. तिला आम्ही अडाणी लोक खोड म्हणतो.

करवतीचा आवाज थांबल्यावर मी खाली आले. टेंपो भरत होता. फांद्या वरून दाबून बसवल्या होत्या आणि प्रत्येक डहाळीवर घोस होते, निम्मे उमललेले, निम्मे कळीत. मधमाश्या त्यावर अजून कामाला होत्या. टेंपो सुरू झाला तरी उठल्या नाहीत. ड्रायव्हरने ‘आयला’ म्हणून काच वर केली आणि त्यांच्यासकट घेऊन गेला. मग आपण वॉचमनला पाइप लावून गेटासमोरची फरशी धुवायला सांगितलीत. फुलंच फुलं वाहत गटाराच्या जाळीपाशी जाऊन साचली. ज्या झाडाला फुलं येत नाहीत, त्याची.

तुम्ही ते झाड कधी पाहिलंच नाहीत हो! पंचवीस-तीस वर्षं रोज त्याच्याखालून गेलात, त्याच्या सावलीत गाडी लावलीत, सावलीत लावलेली गाडी थंड राहते म्हणून दुसऱ्या कोणाला ती जागा मिळू दिली नाहीत, त्याच जागेसाठी दोन सभासदांशी बोलणं टाकलंत. आणि झाडाला फुलं येतात की नाही एवढं तुम्हाला ठाऊक नव्हतं! विचारायचं होतंत कोणाला. मावशींना विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं. करंजाच्या तेलाची बाटली त्यांच्या घरात कायम असते, खरजेला लावतात. त्यांना झाडही ठाऊक, फूलही ठाऊक, शेंग कधी पिकते तेही ठाऊक. कमिटीवर त्या नाहीत, एवढीच अडचण.

असो. शोभिवंत फुलझाडाकडे वळते.

लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, बांबूला सुतळीने बांधलेलं जे रोप आपण लावलंत त्याला आपण ग्रुपवर ‘इंडियन सकुरा’ म्हटलं आहे. सकुरा म्हणजे जपानातली चेरी. तिला बहरायला कडाक्याची थंडी लागते. पुण्याच्या जानेवारीत आपण मफलर गुंडाळून फिरता, तेवढ्याने तिचं भागत नाही. आपण आणलेलं रोप टॅबेबुयाचं आहे, गुलाबी फुलांच्या जातीचं. त्याचं माहेर मध्य अमेरिकेकडचं. एल साल्वाडोर देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे, तेव्हा तिकडे त्याचा मान मोठा. माझं त्या पोराशी काही भांडण नाही. विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला ही झाडं फुलतात तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, तेही ठीक. पण साहेब, तीही फुलं पडतात! करंजाचं फूल नखाएवढं आणि कोरडं. याचं कर्ण्याच्या घाटाचं आणि बोटभर लांब. बहरात एखादी अवकाळी सर आली, की टपावर, काचेवर, वायपरखाली आणि ज्या खाचेत आपण टूथब्रश घालून साफ करता तिथेही, गुलाबी लगदा. हे आपल्याला रोपवाटिकेत कोणी सांगितलं नसणार. तिथे ते भिंतीवरच्या फोटोतूनच विकतात, आणि फोटोतली फुलं खाली पडत नाहीत.

शिवाय त्याचा बहर येतो तो पानं झडल्यावर, उघड्या फांद्यांवर. फोटोला उत्तम. खाली बसणाऱ्याला सावली हवी असेल तर त्याने पालवी फुटेपर्यंत वाट पाहायची. अर्थात अजून सात-आठ वर्षं हा प्रश्नच येत नाही, कारण तोवर त्याच्या सावलीत फार तर चपलांचा जोड मावेल. इस्त्रीवाल्याने हातगाडी समोरच्या सोसायटीच्या कडुनिंबाखाली नेली आहे. कपडे आता तिकडे नेऊन द्यावे लागतात. पेव्हर ब्लॉक आपण करंजाच्या बुंध्याला टेकवून घातले होते, तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. आणि झाडाचं लाकूड कुठे गेलं, हे हिशेबात कुठे दिसत नाही.

कायद्याचा विषय मी फार ताणत नाही, आपण कायदेशीर माणूस आहात. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, २०२१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड आता वारसा मानतात, आणि भरपाईला तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आपला करंज इमारतीबरोबर लावलेला, म्हणजे चाळिशीतला. वारसा व्हायला थोडा कमी पडला, वेळ आपण अचूक साधलीत. हिशेब चाळीस रोपांचा निघतो. लावलंत एक. उरलेल्यांची जागा शोधायला मी आपल्याबरोबर यायला तयार आहे.

कारण जागा आहे, साहेब, आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हेच. बोअरवेलपासून मागच्या भिंतीपर्यंतची पट्टी रिकामी आहे. तिथे दोन फुटके कमोड, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि एका माजी चेअरमनांची स्कूटर आहे. फुलझाड हवं होतं ना? तिथे तामण लावायची. महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे ते. १ मेच्या झेंडावंदनानंतर आपण जे भाषण करता, साधारण त्याच सुमाराला जांभळ्या तुऱ्यांनी भरतं. बहावा लावायचा. कांचन लावायचा. आपला तो टॅबेबुयासुद्धा लावायचा, त्याला कोण नको म्हणतंय! करंज हलवायची गरज काय पडली? पण मागच्या पट्टीत लावलेलं झाड रस्त्यावरून दिसत नाही. कमोड हलवावे लागले असते, स्कूटरसाठी माजी चेअरमनांना पत्र लिहावं लागलं असतं. झाड हलवणं सोपं, ते उत्तर देत नाही.

इथवर लिहून मी थांबणार होते. पण काका, आणखी एक गोष्ट मला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत तुम्ही बेंगळुरूला मुलीकडे गेला होतात. तिथून तुम्ही ग्रुपवर गुलाबी झाडांचे फोटो टाकलेत, एकामागून एक, रस्ते भरून. एरवी तुम्ही थकबाकीदारांची यादी सोडून काही टाकत नाही. त्यावर कोणी अक्षर लिहिलं नाही. खाली लगेच ‘पाणी कधी येणार’ आलं. त्या शहरात वर्षभर आळीपाळीने काही ना काही फुलत राहावं असा विचार करून झाडं निवडली गेली. क्रुम्बिगल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने ती कल्पना रुजवली. पुढे १९८०च्या दशकात नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांनी लाखो झाडं लावली. एकाच झाडाकडून वर्षाची हौस भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तुम्ही ते सगळं पाहून आलात आणि आपल्या दारात त्यातलं थोडं असावं असं तुम्हाला वाटलं.

का वाटलं तेही कळतं. दर सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीपदासाठी नाव मागतात तेव्हा आम्ही सगळे चहाच्या कपात बघतो. तुम्ही हात वर करता. बिनपगारी. रात्री अकराला लिफ्ट अडकली की तुमची बेल वाजते, टाकी वाहिली की तुमची, वरच्या मजल्यावर पोरांनी बॉल आपटला तरी तुमचीच. या कामाचं कौतुक म्हणजे कोणी तक्रार घेऊन न आलेला दिवस. तुम्हाला एकदा तरी असं काही करायचं होतं, की जाणाऱ्याने थबकून म्हणावं, वा, हे कोणी केलं? सकाळी साडेपाचला तुम्ही बनियनवर खाली येता आणि घरातली बादली घेऊन त्या रोपाला पाणी घालता. पाइप गळतो, पाणी फुकट जातं म्हणून बादली. मी गॅलरीतून पाहते. आळं हाताने नीट करता, खाली पडलेलं पान उचलून बाजूला टाकता. इतकी माया तुमच्यात आहे, ती करंजाच्या वाट्याला थोडी आली असती तर बिघडलं असतं का? तोही याच मातीत होता, आणि त्याला तर कोणी पाणीही घातलेलं मला आठवत नाही.

तेव्हा आता मुद्द्याचं. करंज बुडातून फुटतो. उरलेल्या दोन फुटांच्या खोडाला कडेने कोंब आले आहेत, तांबूस, वीतभर. गेल्या आठवड्यात कंत्राटदाराचा माणूस खोडाला गिरमिटाने भोकं पाडून ‘औषध’ घालू या, असं आपल्याला सांगताना मी ऐकलं. पैसेही त्याने सांगितले. ते औषध घालायचं नाही. खोडाभोवतीचे पेव्हर ब्लॉक हातभर काढायचे, दोन-तीन जोमदार कोंब ठेवून बाकीचे छाटायचे (छाटायचे म्हणजे छाटायचेच), आणि उरलेल्यांना पिंजरा करायचा. आपल्या टॅबेबुयाला मी हात लावणार नाही. उलट आपण पुढच्या वेळी बेंगळुरूला जाल तेव्हा त्याला पाणी मी घालीन. मागच्या पट्टीतले कमोड हलवण्याचा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी या पत्राद्वारे रीतसर मागणी करते. प्रत उपनिबंधकांकडे पाठवायची की नाही, हे गिरमिटावर अवलंबून आहे.

आपली,
थकबाकी नसलेली एक सभासद

ता. क. : वॉचमनची खुर्ची उन्हामुळे आता जिन्याखाली मीटरच्या पेटीपाशी गेली आहे. तिथे वारा अजिबात नाही. एक भिंतीवरचा पंखा बसवून द्यावा आणि त्याचा खर्च ‘सुशोभीकरण’ या खाती टाकावा.