परक्या नावाची भांडी

आमच्या घरातली निम्मी भांडी आमची नाहीत. फळीवरच्या पितळी डब्यावर कोरलेलं नाव एका लिंगायत घरातलं, खोलगट वाडग्यावरचं आडनाव तेलुगू, आणि कडीच्या डब्यावर नुसतंच ‘शेख’. आमच्या गल्लीत शेख इतके, की नेमके कोणते हे ठरेपर्यंत त्यात हरभऱ्याची डाळ भरली गेली. डाळ भरलेल्या डब्याची मालकी सोलापुरात कोणी विचारत नाही.

याला कारण शेजारधर्म. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम सगळ्या घरांत सारखाच कडक. लिंगायत घरातल्या अव्वांकडून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर आली, की पातेलं आमच्याकडं अडकायचं. कारण त्या तोडीचं द्यावं अशी आमच्याकडं एक पुरणपोळी, आणि तिला सण लागतो. तोवर ईद यायची, शेखांच्या घरातल्या खाला शिरखुर्मा पाठवायच्या, आणि अडकलेल्या भांड्यांत आणखी एकाची भर. आई हिशेब ठेवायची, पण तो थकीत कर्जासारखा; वसुली होणार नाही हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक.

तेलुगू घरातल्या अम्मा बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं मापात कापलेली. चिमूटभर तंबाखू, एक वळकटी, नखानं टोक मुडपायचं, दोऱ्याचा वेढा, की झाली बिडी. हे सगळं न बघता. डोळे आमच्यावर. तेलुगूत सुरू झालेलं वाक्य हिंदीतून वळसा घेऊन मराठीत संपायचं, तेही बहुतेक माझ्या पाठीवर. त्यामुळं मला तेलुगूत आणि कानडीत शिव्या कळतात. आशीर्वाद कधी दिले असतील, तर ते कळले नाहीत.

ही सरमिसळ कोणी ठरवून केलेली नाही. 1877 साली इथं पहिली कापडगिरणी निघाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, आणि कर्नाटक तर वेशीबाहेरच. भिंतीच्या पलीकडं माग खडखडायचा, अलीकडं आम्ही झोपायचो. माग बंद पडला की दचकून जाग यायची.

आमच्या कंपूतला लिंगायत गडी अंड्याच्या गाडीवरून जातानासुद्धा श्वास रोखणारा. पण रमजानात विजापूर वेशीत मीना बाजार भरला की त्याच्याशिवाय आमचं पान हलायचं नाही. कबाब कुठल्या गाडीवर ताजे, कोळसा कोणाचा नीट पेटलाय, हे ज्ञान फक्त त्याच्याकडं; सगळं नुसत्या वासावर मिळवलेलं. हातात सरबताचा ग्लास धरून साहेब हुकूम सोडायचे.

‘तिथं नको बे. कालचं हाय ते.’

‘तुला काय कळतंय बे?’ दिवसभराचा रोजा सोडून आलेला पोरगा वैतागायचा. ‘खातोस का तू?’

‘खात नाही म्हणून तर डोकं ठिकाणावर असतंय की.’

यावर त्याला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

गड्ड्याच्या यात्रेत पारडं फिरायचं. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, मागंपुढं पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. मिरवणूक कुठून नीट दिसते, यातला तज्ज्ञ म्हणजे हा रोजेवाला. त्याच्या चुलत्याच्या दुकानाची पायरी मोक्याची. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न कसं लागलं, ही कथा मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकली. खातरजमा करायला लिंगायत मित्राकडं गेलो, तर तो म्हणाला, ‘त्यालाच विचार, त्याला पाठ हाय.’ होम मैदानावरच्या पाळण्याचे पैसे मात्र तेलुगू दोस्त भरायचा, कारण मागावर कांड्या भरून कमावणारा तेवढा एकटाच.

यात्रेच्या तोंडावरच येतो 12 जानेवारी. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. ही चार नावं आम्ही शाळेत एका दमात म्हणायचो. त्यांच्याकडं ‘सामाजिक ऐक्याचं प्रतीक’ म्हणून बघायचं असतं हे मला फार उशिरा, पुण्यातल्या एका व्याख्यानात समजलं. आम्हाला ते आमच्यासारखेच चार दोस्त वाटायचे. पुतळ्यांसमोर उभं राहून आम्ही त्यांना आपसात वाटून घेत असू, आणि मारामारी व्हायची ती कुर्बान हुसेन कोण होणार यावरून. नावच भारदस्त.

सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला वैद्यकीय पथकातून गेले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि 1942 मध्ये तिथंच वारले. जग त्यांच्या त्यागापुढं नतमस्तक होतं, आम्हीही होतो. चिनी शिकले याचं मात्र गल्लीत कोणाला विशेष वाटत नाही. ‘शेजारी राहायचं म्हटल्यावर शिकावी लागतीय की,’ एवढंच.

नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर मला एका सर्वधर्मीय स्नेहमेळाव्याचं बोलावणं आलं. खुर्च्या गोलात, छातीवर नावाची चिठ्ठी. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, शेजाऱ्याला त्याच्या धर्माविषयी एक प्रश्न आदरपूर्वक विचारा. माझ्या शेजारी एक पारशी गृहस्थ. आदराच्या ओझ्याखाली आम्ही दोघंही मुके झालो. शेवटी मी विचारलं, ‘चहाबरोबर काही असेल का हो?’ त्यांना तोच प्रश्न पडला होता. निघाली मऊ पडलेली बिस्किटं. मग आम्ही दोघांनी मिळून संयोजकांची जी मनसोक्त निंदा केली, तिच्यावर उभी राहिलेली मैत्री आजही ठणठणीत आहे. त्यांच्या धर्माविषयीचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

आमच्या जुन्या कंपूचा आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि ॲडमिन मी. निवडणुकीच्या दिवसांत तो उघडवत नाही. जो तो फॉरवर्ड करून दुसऱ्याला इतिहास शिकवतो. मागं एकदा तर लिंगायत गडी आणि रोजेवाला यांची रात्री एवढी जुंपली, की रोजेवाला चार ओळींचा निरोप लिहून ग्रुप सोडून गेला. मी पुण्यात अंथरुणात पडून मैत्रीचा मृत्युलेख मनात जुळवत होतो.

आता सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा घड्याळ बघत नाही. नेमकं त्याच रात्री सुटलं, आणि लिंगायताची मोटर जळली. त्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘पाणी आलंय. मोटर गेली.’ ग्रुप सोडलेल्या माणसाला हे कसं कळलं, देव जाणे. बहुधा तेलुगू दोस्तानं फोन केला. पण थोड्याच वेळात रोजेवाला आपली मोटर स्कूटरवर पायापाशी ठेवून, पाइप खांद्यावर टाकून हजर. दोघांनी टाकी भरली. अव्वांनी त्याला चहा दिला, आणि कधीपासून अडकून पडलेलं एक पातेलंही आठवणीनं मागितलं.

पहाटे माझा फोन वाजला.

‘ग्रुपमध्ये परत घे बे,’ रोजेवाला म्हणाला. ‘त्याला उत्तर अर्धंच लिहून झालतं.’