झाडाचं भाडं

बायकोचा मोबाइल नंबर मला पाठ नाही. पण दूरदर्शनच्या काळात ज्या ज्या वस्तूंनी टीव्हीवर स्वतःची गाणी म्हटली, त्या सगळ्यांच्या चाली मला मधल्या म्युझिकसकट येतात. यातल्या निम्म्या वस्तू आमच्या घरात कधी आल्याच नाहीत. वस्तू घ्यायला पैसे लागत, गाणं फुकट होतं.

आमचं घर बारडोलीचं. उधना-जळगाव रेल्वेने खानदेशातली जी माणसं इकडे येऊन उतरली, त्यांच्यातले आम्ही. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि टीव्हीसमोर हिंदी. 1928च्या सत्याग्रहात वल्लभभाईंना सरदार करणारं हे गाव, तेव्हा इथे कुणी सहजासहजी माघार घेत नाही. जाहिरातींवरूनही आमच्या ओट्याची वाटणी झालेली होती. निरमा गुजराती शेजाऱ्यांचा, विको आमची. निरमा अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 साली सुरू केलेला, सायकलवरून पुड्या विकत. शेजारच्या मासी कपडे धुताना ते गाणं म्हणायच्याच, पण आरतीला टाळ्या वाजवतानाही त्यांचा ठेका तोच असायचा. विको मात्र पेंढारकरांची, म्हणजे घरातलीच. माझी आई कपडे निरम्याने धुवायची आणि गुणगुणायची विकोचं. अस्मिता म्हणतात ती हीच असावी.

विको टर्मरिकच्या गाण्याबद्दल तर आमच्या नानांना विशेष आदर. आपण सौंदर्यप्रसाधन नाही, असं ती क्रीम स्वतःच गाऊन सांगायची. अबकारी खात्याला ते पटेना, कारण प्रसाधनांवरचा कर वेगळा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथेही ती आयुर्वेदिक औषधच ठरली. नाना म्हणायचे, "गवयाने घ्यावी तर अशी तान. सुप्रीम कोर्टातसुद्धा बेसूर ठरली नाही."

ओट्यावरचा तंटा शेवटी एका सशाने मिटवला. लिज्जत पापड 1959 साली गिरगावात सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला. टीव्हीवर तो पापड खाऊन खिदळणारा ससा मात्र रामदास पाध्यांचा. पापड त्यांचा, ससा आमचा. यापलीकडे काय समेट व्हायचा?

आता पुतण्या नोकरीनिमित्त जपानात आहे. घरच्या ग्रुपवर लोक सकाळी फुलं पाठवतात, हा जपानी टीव्हीवरच्या जुन्या जाहिराती पाठवतो. इटो नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी हातोया म्हणून हॉटेल आहे. त्याच्या गाण्यात फोन नंबरच गातात. हे गाणं लिहिणारा अकियुकी नोसाका म्हणजे 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'चा लेखक. युद्धात होरपळलेल्या बहीण-भावाची ती गोष्ट वाचून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही असा माणूस विरळा. आणि त्याच हाताने हॉटेलचा नंबर ठेक्यात बसवला. लेखकालाही पोट असतंच. परिणाम एवढाच, की बायकोचा नंबर अजून पाठ नाही, पण 4126 झोपेतही सांगतो. तिने यावर काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

ओता इसान हे पोटाचं चूर्ण. त्याच्या जाहिरातीत शोपँचं पियानोवरचं सातवं प्रेल्यूड वाजतं. आपल्याकडे टायटन घड्याळाने मोत्झार्टची पंचविसावी सिंफनी घेतली, ते समजू शकतो. घड्याळ मनगटावर मिरवायचं असतं. पण अपचनाला शोपँ? हिवाळ्यात आमच्या सुरत जिल्ह्यात पोंक आणि उंधियू झाल्यावर जे संगीत ऐकू येतं, ते शोपँच्या कानावर गेलं असतं तर त्याने पियानो विकला असता.

बुनमेइदो या कंपनीचा कास्तेला केक ऑफेनबाखच्या कॅनकॅनवर पाय उडवणाऱ्या अस्वलाच्या बाहुल्या विकतात. नानांनी ते पाहून फक्त मान हलवली. "ससा बरा होता."

पण खरा गोंधळ झाला तो हिताचीमुळे. 1973 सालचं, असेइ कोबायाशीने चाल लावलेलं गाणं. जाहिरातीत ना फ्रिज दिसतो, ना पंखा. होनोलुलूच्या मोआनालुआ बागेतलं एक प्रचंड, छत्रीसारखं पसरलेलं झाड, आणि हे झाड कुठलं असेल बुवा, अशी विचारणा करणारं एक शांत कोरस. नेमके तेव्हा शेजारचे ऊसवाले काका चहाला आले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आ तो रेनट्री छे."

"विलायती शिरीष," नाना म्हणाले. बराच वेळ खणाखणी झाली. झाड दोघांचं एकच निघालं.

"पण हे लोक पन्नास वर्षं विचारतायत, तर कुणी सांगत का नाही त्यांना?" नानांना कळवळा आला. पुतण्याने उत्तरादाखल दुसरीच माहिती टाकली. ते झाड जाहिरातीत दाखवायच्या हक्कापोटी हिताचीने दहा वर्षांचा करार केला होता, बागेच्या मालकाला वर्षाला सुमारे 4 लाख डॉलर.

काकांचा चहा बशीतच राहिला. "झाडनुं भाडुं?"

त्यांनी आधी डॉलरचे रुपये केले, मग रुपयांचा ऊस केला. किती टन झाला ते त्यांनी सांगितलं नाही, पण साखर कारखान्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू आयुष्यभर तिथेच फसलो. त्यांच्या बांधावर असलीच दोन झाडं आहेत. सावलीत ऊस धरत नाही म्हणून यंदा ती तोडायला काढलेली. त्याच संध्याकाळी कुऱ्हाडवाल्याला फोन करून त्यांनी काम रद्द केलं. दुसऱ्या दिवशी झाडाला पाणी. रेनट्रीला कुणी पाणी घातलेलं बारडोलीने आजवर पाहिलं नसेल.

"हिताची तर आपलीच," काका आता येता-जाता सांगतात, "कडीला एसी बनवतात. होनोलुलूला कशाला जायचं? तिकीट वाचेल." गाणं मी लिहायचं, मासींनी गायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मासींनी चाल बसवलीसुद्धा. ती निरम्याची निघाली.

पुतण्याला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, झाड झकास आहे, पण समोर विजेचा खांब येतो. काल काका कोरा कागद घेऊन आले. खांब हलवण्याचा वीज कंपनीला अर्ज, तोही माझ्या अक्षरात.

"कारण काय लिहू, काका?"

"लख ने," ते म्हणाले, "जापाननुं काम छे. अर्जंट."