कोष्टकातली पौर्णिमा

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री दौलताबादच्या रस्त्याला झोप नसते. संभाजीनगरहून निघालेली माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे पायी चाललेली असतात. तिथला मारुती निजलेला, म्हणजे देव आडवा आणि भक्त रात्रभर उभे, असा हा मामला. वर चैत्र पौर्णिमेचा चंद्र, किल्ल्यात चाँद मिनार, आणि खाली पायाला आलेले फोड मोजणारी तरुण मंडळी.

बहुतेक वर्षी हाच चंद्र छावणीतल्या ख्राइस्ट चर्चलाही तारीख देतो, हे मात्र चालणाऱ्यांच्या गावी नसतं. २१ मार्चला, म्हणजे चर्चनं वसंतसंपाताचा म्हणून ठरवलेल्या दिवशी, किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची. तिच्या पुढचा रविवार ईस्टर आणि त्याच्या अलीकडचा शुक्रवार उत्तम शुक्रवार, म्हणजेच गुड फ्रायडे. येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि तो सण पौर्णिमेचा. म्हणून चंद्राची ही गाठ. सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, हे इ. स. ३२५ मध्ये निकेयाच्या धर्मपरिषदेत ठरलं. नाताळ २५ डिसेंबर धरून बसलेला असतो, त्याची कुणाला चौकशी करावी लागत नाही. हा शुक्रवार मात्र २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कुठंही उतरतो आणि घरोघरी कॅलेंडरची पानं उलटायला लावतो.

तारीख अशी सरकते म्हणून हसू नये. दौलताबादकरांनी तर मुळीच नाही. १३२७ साली मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली आणि काही वर्षांनी परत नेली. त्या हलवाहलवीला कोष्टक नव्हतं, या तारखेला आहे. दर १९ वर्षांनी पौर्णिमा जवळपास त्याच तारखांना परत येतात, या हिशेबावर ते बेतलेलं आहे. १९ वर्षांत सात अधिकमास घालणारं आपलं गणितही त्याच चुलीवर शिजलेलं. अधिकमासाची जुळणी चुकली की उत्तम शुक्रवार चैत्र पौर्णिमा सोडून होळीच्या शेजारी जाऊन बसतो. २००८ साली २१ मार्चला होळीची पौर्णिमा, गुड फ्रायडे आणि ईद-ए-मिलाद असे तिन्ही एकाच दिवशी आले. सर्वधर्मसमभावाचं त्याहून मोठं उदाहरण नाही, पण सुट्ट्या मोजणाऱ्या कारकुनाला ते पटवून देणं अवघड.

खरी गंमत २०१९ ची. त्या वर्षी २१ मार्चच्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे, वसंतसंपात झाला आणि त्यानंतर चारेक तासांत पौर्णिमा पूर्ण झाली. आकाशाचं ऐकलं असतं, तर ईस्टर २४ मार्चलाच उरकायला हवा होता. पण चर्च आकाशाकडे पाहत नाही, कोष्टकाकडे पाहतं, आणि कोष्टकातली पौर्णिमा २० मार्चलाच होऊन गेली होती. एका दिवसानं सगळं महिनाभर पुढं गेलं. १९ एप्रिलला उत्तम शुक्रवार आला, आणि त्याच दिवशी हनुमान जयंती! ज्या घरात दाते आणि टिळक अशी दोन्ही पंचांगं पाहिली असतील, तिथं याचं कुणाला नवल वाटणार नाही. आकाश एकच असतं, पण पंचांगकर्ते एकमत होतील याची हमी कोण देणार?

उत्तम शुक्रवार हा येशूच्या मरणाचा दिवस, तरी त्या दिवशी फुलांची चित्रं आणि ‘हॅपी’ची शुभेच्छा पाठवणारे सज्जन दरवर्षी भेटतात. त्यांना कुणी रागवत नाही, कारण उपवासात माणूस मवाळ झालेला असतो. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही. दुपारी क्रुसाची वंदना होते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी १२ ते ३ ची उपासना, मधूनमधून ना. वा. टिळकांची पदं, आणि क्रुसावरच्या सात उद्गारांवर अनेकदा सात जणांची सात प्रवचनं. मराठवाड्यातला एप्रिल, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि सात वक्ते! तारीख महिनाभर मागंपुढं सरकेल, पण ३ वाजायचे ते ३ लाच वाजतात, कारण प्राण सोडण्याची वेळ तीच मानलेली आहे. पहिले वक्ते ऐसपैस बोलतात, चौथ्यापासून आयोजकांच्या भुवया हलू लागतात, सहावे घड्याळ पाहत पानं गाळतात. सातव्यांच्या वाट्याला पाच मिनिटं उरतात, आणि घरी जाताना लोक बोलतात ते त्यांच्याच प्रवचनाबद्दल.