साठ ग्रॅमचा हिशेब

उन्हाने सांडपाणी शुद्ध होईल आणि वर हायड्रोजनही मिळेल, अशी बातमी आली की मथळा हायड्रोजन पळवतो. मला हे खटकतं.

विज्ञान पक्कं आहे. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. १९८० मध्ये कावाई आणि साकाता यांनी त्याच वाटेने साखर, स्टार्च यांच्यापासून हायड्रोजन काढला. मर्म असं की पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं जड जातं, सेंद्रिय घाण ते सहज सोडते. घाणच इथे कामाला येते. काय सुरेख कल्पना आहे!

पण हिशेब मांडा. शहरी सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला ५०० मिलिग्रॅम धरा. ती सगळी घाण कामी आली असं माना. तरी हजार लिटरमागे त्या घाणीच्या जोरावर हायड्रोजन मिळेल साठेक ग्रॅम. हायड्रोजनवरची मोटार त्यात सहा किलोमीटर जाईल. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे तिथल्या सांडपाण्याचा, सीओडी लाखाच्या घरात असतो, तिथे हाच आकडा बारा किलोवर चढतो. पण ते पाणी इतकं काळपट, की ऊन वरच्या थरातच संपतं. जिथे माल आहे तिथे उजेड पोचत नाही, ही खरी अडचण, आणि ती मथळ्यात कधीच येत नाही.

मग लाभ कशात? पाण्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचं कुठे जातं, हे पंचगंगेकाठी कुणाला सांगायला नको. अशा सांडपाण्यात कापडाचे काही रंग आणि औषधांचे अंश असे, की जिवाणूंना धड पचत नाहीत. ते मोडण्यात या तंत्राचा कस लागेल.

तेव्हा डिस्टिल्ड पाण्यात मिथिलीन ब्लू हा रंग विरघळवून केलेल्या चाचण्या आता पुरे. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं पाणी घ्या. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावर गाळ किती दिवसांत बसतो, ढगाळ आषाढात काय होतं, ते मोजा. हरित हायड्रोजन अभियानासाठी केंद्राने २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातला वाटा अशा चाचण्यांना जरूर द्या, मात्र पुढचा हप्ता सोडण्याआधी सीओडी किती उतरला हे विचारा, आणि हायड्रोजन किती निघाला ते त्यानंतर.