मोहोर मोजणारा माणूस

आमच्या घरात दोन वह्या आहेत. एक अण्णांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. तिच्यात कलमं, फवारण्या, खताच्या गोणी आणि वाशीच्या दलालाकडून यायचे राहिलेले पैसे. दुसरी माझी, दोनशे पानी. तिच्यात मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचे कोच. दोन्ही वह्यांत हंगामाआधी जे लिहिलं जातं ते हंगामानंतर खोटं ठरतं. फरक एवढाच की अण्णा ते पान पुढच्या वर्षी उघडून बघतात आणि मी नवं पान उघडतो.

रत्नागिरीत राहून मुंबईचा झेंडा का, असं गोव्याकडचे पाहुणे विचारतात. एका बाजूला अंधेरीचं मैदान, दुसऱ्या बाजूला फातोर्डा, आणि मधे आम्ही, दोन्हीकडच्या गाड्या क्रॉसिंगला थांबलेल्या बघणारे. कुणाची तरी बाजू घेणं भागच होतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण पूर्ण होईपर्यंत मुंबईची घेऊ, मग पुढचं पुढे, असं २०१४ साली ठरवलं. त्यामुळे अजून मुंबईचाच आहे.

परवा साळवी स्टॉपला चहाच्या टपरीवर मोबाइलवर सरावाची क्लिप बघत होतो. चाळीस सेकंदांची. पिवळी जाकिटं घातलेली पोरं, गवतावर मांडलेले नारिंगी शंकू, मधे प्लास्टिकचे पाच निळे पुतळे. एकाने चेंडू पुतळ्याच्या डावीकडून काढला, दुसऱ्याने उजवीकडून, तिसऱ्याने जाळीत मारला. जाळीसमोर गोलकीपर नव्हता. कोणीतरी टाळी वाजवली. मी ते सातव्यांदा बघत होतो, आणि सातव्यांदा मला मधल्या फळीत नवा ताल दिसत होता.

एवढ्यात अण्णा आले. फवारणी आटपून थेट आलेले, शर्टाला औषधाचा वास. बशीत चहा ओतून त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"हे निळे कोण रे?"

"बचावपटू. म्हणजे त्यांच्या जागी उभे केलेले."

"हलत नाहीत?"

"नाही."

"मग यांना चुकवायचं काय त्यात? आपण बागेत बुजगावणं उभं करतो, तर दोन दिवसांत माकड त्याच्या खांद्यावर बसून दात दाखवतं. त्या माकडाला तुम्ही कधी मेडल दिलंत?"

मी म्हटलं, "अण्णा, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात."

"दिसतात की. पण पाळण्यात असेपर्यंत त्या पायांवर कुणी बूट घालून चढत नाही, मेल्या."

अण्णांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे मी तेव्हाच टपरीवाल्याला सांगून टाकलं. जे मला बारा वर्षांत कळलं ते त्यांना एका बशीत कुठून कळणार? पुरावा म्हणून वहीच उघडली.

पहिलं पान पीटर रीड, २०१४. संघात लुंगबर्ग आणि अनेल्का. ही नावं त्याआधी आम्ही फक्त मध्यरात्री टीव्हीवर ऐकलेली. नावं वाचूनच मी 'अंतिम फेरी नक्की' असं लिहिलं, सराव बघायची गरजच पडली नाही. पहिल्याच सामन्यात कोलकात्यात ०-३. पुढच्या सामन्यात पुण्यावर ५-०, त्यात आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, इंडियन सुपर लीग या साखळीतली पहिलीवहिली. लगेच समासात 'म्हटलं नव्हतं?' लिहिलं. शेवटी आठ संघांत सातवे. पुढच्या वर्षी अनेल्कालाच कोच केलं आणि खेळायलाही लावलं, म्हणजे ओरडणारा तोच आणि ऐकून घेणाराही तोच. सहावे. २०१६ ला गिमाराइश आले. तोवर मला पुरेशी अक्कल आली होती, मी 'सातवे' लिहिलं. मुंबई साखळीत पहिली आली.

तेव्हापासून मी नावांवर जायचं सोडलं आणि सराव बारकाईने बघू लागलो. तो माझ्या अभ्यासाचा सुवर्णकाळ.

२०२० ला सर्जिओ लोबेरा आले. म्हणजे गोव्याने घालवलेला माणूस मुंबईने उचलला, आणि त्याच्यामागून गोव्याचेच फॉल, जाहू, बुमू, मंदार राव देसाई. गोव्याचं ताटच्या ताट उचलून आणलं होतं, फक्त सोलकढी तेवढी तिकडे राहिली. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यातच, रिकाम्या मैदानांत. बाहेर काही दिसत नव्हतं, त्यामुळे अभ्यासाला चांगला वाव होता. २१ नोव्हेंबरला पहिला सामना नॉर्थईस्टशी. जाहूला लाल कार्ड, ०-१ हार. त्या रात्री वहीत मी लिहिलं, 'हंगाम संपला.' खाली दोन रेघा मारल्या. बायको म्हणाली, अजून डिसेंबर यायचाय. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला, मोहन बागान २-१ ने हरलं आणि साखळीत पहिलं आल्याची ढाल व अंतिम फेरीचा चषक दोन्ही मुंबईला. ते पान मी फाडलं. दोन रेघांचा ठसा मागच्या पानावर अजून आहे.

मग डेस बकिंगहॅम. पहिल्या वर्षी पाचवे. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं आणि आशियाई चँपियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब म्हणून मुंबईचं नाव लागलं. त्याच वर्षी पावसाळ्यात ड्युरँड कप. हा कप म्हणजे मोठ्या क्लबांची हंगामाआधीची तालीम, जिंकला तर ऐतिहासिक स्पर्धा म्हणायचं आणि हरला तर सरावच होता म्हणायचं. मुंबई अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून १-२ ने हरली. 'संघात दम नाही' असं मी लिहिलं. त्या संध्याकाळी देशाला सामना आठवला नाही. बक्षीस समारंभात राज्यपालांनी फोटोत नीट दिसावं म्हणून विजेत्या संघाचा कर्णधार सुनील छेत्रीला हाताने बाजूला सारलं, तेवढं आठवलं. त्या स्पर्धेतली चेंडूशिवायची सर्वांत चपळ हालचाल तीच होती, हे निरीक्षणही वहीत आहे. दम नसलेली मुंबई त्यानंतर साखळीत सलग अठरा सामने हरली नाही, आणि फातोर्ड्यात गोव्यावर ५-३ करून दोन सामने शिल्लक असतानाच ढाल घेऊन आली.

याच्या उलटही होतं, हे सांगायला हवं. अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि ज्यात चेंडूला पाय अधूनमधूनच लागतो, त्यात २००८ साली डेट्रॉइट लायन्सनी हंगामाआधीचे चारही सामने जिंकले. खऱ्या हंगामातले सोळाच्या सोळा हरले. डेट्रॉइटमध्येही त्या ऑगस्टमध्ये कुणीतरी माझ्यासारखाच वही घेऊन बसला असणार. त्याची मला फार आठवण येते.

अण्णांचं म्हणणं निराळं. परदेशी कोच म्हणजे कल्टार. हे औषध जुलै-ऑगस्टमध्ये कलमाच्या बुंध्याभोवती देतात, ड्युरँड कपही नेमका तेव्हाच असतो. झाड लवकर मोहोरतं, बघणाऱ्याचे डोळे निवतात, बाजारात पहिली पेटी आपली. "पण दर वर्षी देत राहिलास आणि खत-पाणी नाही केलंस तर झाड थकतं," अण्णा म्हणतात. "आणि मोहोराचं काय सांगतोस? हजार फुलांत आंबा एखादा. बाकीचं तुडतुडे, भुरी आणि वाऱ्याचं."

परदेशी पाहुण्याची रत्नागिरीला सवय आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे १८८६ साली आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. तीस वर्षं. मुदत किती ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या कोचना मुदत लिहून देतात आणि ते तीस महिनेही पुरवत नाहीत. बकिंगहॅम २०२३ च्या नोव्हेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले.

आणि इथे माझा सिद्धांत जन्माला आला. डिसेंबरात पेत्र क्रात्की आले. ना शंकू, ना पुतळे, ना सरावसामने, ना क्लिप. चालत्या गाडीत चढलेला माणूस. मी वहीत काहीच लिहू शकलो नाही, पान कोरं. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक मुंबईत. पुढच्या वर्षी क्रात्कींना हंगामाआधी अख्खा सराव मिळाला, मीही पाच पानं भरली. सहावे आले, आणि बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५. निष्कर्ष उघड होता, हंगामापूर्वीचा सराव संघाला बाधतो. हे मी २०२५ च्या मे महिन्यात टपरीवर जाहीरपणे मांडलं.

माझं म्हणणं इतकं मनावर घेतलं जाईल असं वाटलं नव्हतं. ११ जुलैला आयोजकांनी अख्खी साखळीच बेमुदत थांबवली. फुटबॉल महासंघाशी असलेला करार डिसेंबरात संपणार, पुढचा ठरलेला नाही, म्हणून खेळ बंद. मी फक्त तालीम नको म्हटलं होतं. यांनी नाटक, रंगमंच आणि तिकीटबारी सगळंच उचललं. क्लबांनी सराव बंद केले, कुठे पगार थांबले. देशातल्या सर्वोच्च साखळीतले खेळाडू घराच्या गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होते, आणि पत्रकं मात्र वेळेवर निघत होती. पत्रकं काढणाऱ्या विभागाला हंगामपूर्व सरावाची गरज नसते.

साखळी नाही म्हणून मी देशाच्या संघाकडे वळलो. १ ऑगस्टला खालिद जमील नवे कोच झाले, तेरा वर्षांनी पहिला भारतीय माणूस. आपले मुंबईचे, ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिलेले. अण्णासुद्धा खूश झाले, "आता घरचं शेणखत पडलं." सव्वा महिन्यात ताजिकिस्तानात यजमानांना २-१ ने हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवलं, मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसरे आले. मी वहीत आशियाई कपचं विमान बुक केलं. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने १-२ ने हरवलं आणि २०२७ च्या आशियाई कपची वाट बंद झाली. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. दोष जमील यांचा नाही. शेणखत टाकलं की दुसऱ्या दिवशी पेटी भरत नाही, हे अण्णांनी सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं नव्हतं.

डिसेंबरात सुपर कपच्या उपांत्य फेरीत गोव्याने मुंबईला २-१ ने काढलं. त्याच महिन्यात, २०१९ साली ६५ टक्के हिस्सा घेतलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईचा निरोप घेतला. बाग कराराने घेतलेला व्यापारी मोहोर यायच्या तोंडावर टेम्पो वळवून गेला तर बागायतदाराचं जे होतं तेच. मग ६ जानेवारी २०२६ ला क्रीडामंत्र्यांनी सांगितलं, १४ फेब्रुवारीपासून खेळा. चौदा संघ, ९१ सामने, प्रत्येकाशी एकदाच गाठ. आणि तयारीला सव्वा महिना. बारशाला लागतो त्याच्या जेमतेम तिप्पट.

तर यंदाचं माझं मूल्यमापन. बचाव भक्कम, कारण अजून कुणी त्यावर चाल करून आलेलं नाही. आक्रमण अचूक, गोलकीपर नसताना. तंदुरुस्ती उत्तम, चाळीस सेकंदांत कुणी दमलेलं दिसलं नाही. सहा महिने कोचला कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्यामुळे वातावरण प्रसन्न.

हे सगळं मी अण्णांना वाचून दाखवलं. ते बशी उपडी ठेवून उठले.

"कधी सुरू म्हणालास?"

"१४ फेब्रुवारीला."

"तेव्हा आपला आंबा वाटाण्याएवढा असेल. तोवर मी मोजत नाही. तू मोज."

मी मोजलं आहे. मुंबई पहिल्या चारांत. वही साळवी स्टॉपच्या टपरीवर ठेवली आहे. ज्यांना आपली भाकितं लिहायची असतील त्यांनी जरूर यावं, फक्त मागची पानं उलटू नयेत.