आवक बंद, जावक चालू

फॅक्स यंत्र भंगारात काढायला निघालेल्यांनो, जरा दमाने घ्या. ब्रिटनने २०१९ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांना नवे फॅक्स यंत्र घ्यायला बंदी केली. जपानच्या एका मंत्र्याने २०२१ मध्ये कचेऱ्यांतून फॅक्स हद्दपार करण्याचा विडा उचलला, तर कचेऱ्यांनी शेकडो हरकती घेऊन त्यालाच गप्प बसवले. जपानी बाबू शहाणे. निरोप पोचवायला ईमेल आहे, व्हॉट्सॲप आहे; निरोप न पोचण्याची सोय मात्र फॅक्सइतकी कोणाकडेच नाही.

व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटल्या की माणूस पकडला गेला. फॅक्सचे तसे नाही. रोल संपला, कागद अडकला, लाइन लागत नव्हती, घेणारा माणूस रजेवर होता. प्रत्येक सबब सभ्य आणि चौकशी समितीपुढेही टिकणारी!

याचा वस्तुपाठ जम्मूच्या राजभवनाने घालून दिला आहे. २१ नोव्हेंबर २०१८. श्रीनगरहून पीडीपीच्या नेत्या मेहबूबा मुफ्ती जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेच्या दाव्याचे पत्र फॅक्स करत होत्या. आपले २९, नॅशनल कॉन्फरन्सचे १५, काँग्रेसचे १२, असे ८७ च्या सभागृहात ५६ आमदार. पण राजभवनाचे यंत्र काही केल्या पत्र घेईना. शेवटी बाईंनी ते ट्विटरवर टाकले. ते साऱ्या जगाने वाचले, राजभवन सोडून. सरकारचे दुसरे दावेदार, पीपल्स कॉन्फरन्सचे सज्जाद लोन यांचाही फॅक्स लागला नाही, म्हणून त्यांनी आपला दावा व्हॉट्सॲपवर धाडला. तो पोचला, पण सरकार त्यांनाही मिळाले नाही. कारण राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी त्याच रात्री विधानसभा बरखास्त केली.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला: ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला माणूस नव्हता, स्वयंपाकीसुद्धा रजेवर होता. म्हणजे राज्यपाल उपाशी, यंत्र उपाशी. तरी बरखास्तीचा आदेश मात्र टाइप होऊन, सही होऊन वेळेत बाहेर पडला. या यंत्रातून नुसते बाहेर जाते, आत काही येत नाही, अशी कोपरखळी नॅशनल कॉन्फरन्सच्या ओमर अब्दुल्लांनी मारली. पण सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, जावक चालू आणि आवक बंद, हीच तर सुदृढ कार्यालयाची खूण.

मलिकसाहेबांनी वर हेही सांगून टाकले, की फॅक्स मिळाला असता तरी निर्णय हाच झाला असता. इथे मात्र ते चुकले. एवढी भक्कम सबब हाताशी असताना खरे बोलायची गरज काय होती?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. देशातल्या प्रत्येक राजभवनात एक फॅक्स यंत्र असावे, ते बिघडलेले असावे, आणि त्याच्या देखभालीला एक कायम रजेवरचा कर्मचारी नेमावा.

जम्मू-काश्मीरला पुढची विधानसभा मिळाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर ते राज्यही राहिले नव्हते, केंद्रशासित प्रदेश झाले होते.