युद्धकाळावरची बालकादंबरी : नवोदितांसाठी सोप्या पायऱ्या

लहान मुलांसाठी युद्धकाळावर कादंबरी लिहायला फारसं काही लागत नाही. एक महायुद्ध, एक आजोबा आणि सुट्टी लागण्याआधी पुस्तक बाजारात आणणारा प्रकाशक एवढं पुरे. विषयासाठी लंडनलाही जायला नको. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. नायिका तिथलीच घ्या.

पायरी १ : ट्रंक. आजोबांच्या माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत पोलिश मुलीची डायरी, डायरीत सुवाच्य मराठी. तिने ती मराठीत का लिहिली, हे कुणी विचारत नाही.

पायरी २ : खलनायक. हिटलर मिशीसकट तयार आहे. अडचण एवढीच की, या पोलिश मुलांना घरातून उचललं ते स्टालिनच्या माणसांनी. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानकडे धाडली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला, स्टालिनला पोलिश सैनिक हवेसे झाले आणि या लोकांची सुटका झाली. म्हणजे एक दांडगट दुसऱ्यावर उलटला म्हणून आपली नायिका वाचली. मुलांना हे झेपणार नाही, असं समजून गाळा. मधल्या सुट्टीत ती रोज हेच पाहतात, ही गोष्ट वेगळी.

पायरी ३ : प्रवास. कॅस्पियन समुद्र, इराण, मग हिंदुस्थान. एका परिच्छेदात उरका. वाटेत उपासमारीने आणि तापाने दगावलेल्या भावंडांना नावं देऊ नका. नावं दिली की वाचक त्यांची चौकशी करत बसतो.

पायरी ४ : स्थानिक रंग. नायिकेला रंकाळा दाखवा, तांबडा रस्सा पाजा, आठवड्याभरात तिच्या तोंडी ‘काय गं बाई’ घाला. छावणीत त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या आणि शिक्षण पोलिश भाषेत चाले, कारण उद्या परत जायचंय, असं सगळे धरून चालले होते. पण परक्या उन्हात आपल्या देशाचा भूगोल पाठ करणारी मुलगी म्हणजे फारच संथ प्रकरण. गाळा.

पायरी ५ : शौर्य. पंचगंगेच्या काठी तिच्याकडून एक जपानी हेर पकडवा. खरं तर छावणीतल्या कित्येकींचे वडील-भाऊ तेव्हा इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी मोंते कासिनोचा मठ घेतला. ते ब्रिटिशांच्या ज्या आठव्या सैन्यात लढत होते, त्यातच मराठा पलटणीही होत्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे त्यांतलेच. म्हणजे छावणीतली पोलिश मुलगी आणि एखाद्या मराठी सैनिकाचा मुलगा, दोघं एकाच रणांगणावरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत असू शकतात. टपालवाला आला, आपल्या दाराशी न थांबता पुढे गेला: प्रकरण संपलं. असली आठ प्रकरणं लिहायला छाती लागते. हेर सोपा.

पायरी ६ : शेवट. युद्ध संपतं, गाडी शिट्टी देते, नायिका मायदेशी परतते. नकाशा मात्र उघडू नका. १९४५ मध्ये यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. भूगोल तोंडपाठ असलेली कित्येक मुलं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली.

पायरी ७ : दुसरा भाग. पुस्तक खपलं की प्रकाशक मागतोच. सुदैवाने जागा बदलायला नको. पोलिश लोक गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच. त्यांच्या मुलांनाही परत कधी जायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ट्रंक तीच वापरा, फक्त डायरीवरचं नाव खोडा.